कंट्रोल प्लेनवर ॲपचे पॉड परत परत येतात: टेंट लावूनही का भागत नाही

कुबरनेटिस (बऱ्याच मशीनवर कंटेनरमधली ॲप चालवणारी सिस्टिम) स्वतःच्या मशीनवर किंवा व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) चालवणाऱ्या जवळपास प्रत्येक टीमला हा प्रॉब्लेम कधी ना कधी होतो: क्लस्टर सांभाळणाऱ्या कंट्रोल प्लेनच्या मशीनवर ॲपचे पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) येऊन बसतात. ते येऊ नयेत म्हणून तिथे टेंट, म्हणजे "इथे येऊ नका" अशी खूण, लावतात, तरी बहुतेक ठिकाणी हा प्रॉब्लेम "सोडवला" जातो आणि काही महिन्यांनी परत उगवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मॅनेज्ड सर्व्हिस वापरत असाल तर कंट्रोल प्लेन तुमच्या हातात नसतोच, तुम्ही थेट खालचा ॲडऑनवाला भाग वाचा.

लक्षणं साधारण अशी. एरवी क्लस्टर मस्त चालतो. मग रात्रीचे बॅच जॉब सुटले किंवा कुणी मोठा रिलीज ढकलला की कुबेसीटीएल (क्लस्टरला कमांड द्यायचं टूल) मधेच अडकतं, कधी एटसीडीचा (क्लस्टरची सगळी माहिती साठवणारा डेटाबेस) "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येतो, कधी "लीडर चेंज्ड", आणि तीच कमांड परत मारली की गपचूप चालते. एखाददुसरा वर्कर (ॲप चालवणारा नोड, म्हणजे क्लस्टरमधलं मशीन) नॉटरेडी होतो आणि थोड्या वेळात आपोआप रेडी. ॲप तोवर चालूच असतं, कारण आधीपासून चालू असलेल्या कंटेनरला एपीआय सर्व्हरशी (क्लस्टरच्या सगळ्या विनंत्या ज्याच्याकडे जातात त्याच्याशी) बोलायची गरज नसते, त्यामुळे पहिले काही वेळा कुणी मनावर घेतच नाही, नेटवर्कवाल्यांना एक मेल जातो आणि विषय संपतो.

मेल पाठवायच्या आधी एक गोष्ट बघा. कुब-सिस्टिम नेमस्पेसमधल्या (नेमस्पेस म्हणजे क्लस्टरमधला वेगळा कप्पा) पॉडची यादी काढा आणि कंट्रोलर मॅनेजर (क्लस्टर ठरलेल्या स्थितीत ठेवणारा) व शेड्युलर (पॉड कुठल्या नोडवर जाईल ते ठरवणारा) यांचा रीस्टार्टचा आकडा बघा. हे दोघं लीडर इलेक्शनवर (अनेक प्रतींपैकी एकच लीडर म्हणून काम करते) चालतात, डीफॉल्ट लीज (लीडर राहायची मुदत) १५ सेकंदांची असते आणि लीडरला ती १० सेकंदांच्या आत रिन्यू करता आली नाही तर तो स्वतःच बंद पडतो आणि परत उठतो. मागच्या कंटेनरच्या लॉगमध्ये शेवटी "लीडर इलेक्शन लॉस्ट" दिसलं तर समजायचं की एपीआय सर्व्हर किंवा त्याच्यामागचा एटसीडी तेवढा वेळ श्वास घेत नव्हता. आकडा वीस-तीस-चाळीस झालेला असतो आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं, असं खूपदा दिसतं. मग एटसीडीचा लॉग उघडा. "अप्लाय रिक्वेस्ट टुक टू लाँग" असे इशारे एखादे असतील तर सोडून द्या, ओळीने येत असतील तर गडबड आहे, आणि हार्टबीट (मी जिवंत आहे असा लीडरचा नियमित निरोप) वेळेत पाठवता आला नाही, डिस्क स्लो असल्यामुळे लीडरवर लोड असावा, असा मेसेज असेल तर नेटवर्कवाल्यांची माफी मागून डिस्ककडे वळा.

आता कंट्रोल प्लेन नोडवर काय काय चालू आहे ते बघा, म्हणजे सगळ्या नेमस्पेसचे पॉड नोडच्या नावाने फिल्टर करून. तिथे एपीआय सर्व्हर, एटसीडी, कंट्रोलर मॅनेजर, शेड्युलर, कुब-प्रॉक्सी (सर्व्हिसचं ट्रॅफिक योग्य पॉडकडे वळवणारा), नेटवर्क प्लगइन, लॉग गोळा करणारा एजंट आणि बहुधा कोअर डीएनएस (क्लस्टरचं स्वतःचं डीएनएस) एवढंच दिसायला हवं. कुणाचं तरी पेमेंट सर्व्हिस, काफका, जेन्किन्सचे बिल्ड पॉड दिसले की झालं, सोसायटीच्या मीटर रूममध्ये भाडेकरू ठेवलाय.

मशीन तर मोठं आहे, सीपीयू निम्मा रिकामा आहे, मग बिघडतंय कुठे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दोन गोष्टी आहेत. पहिली शेड्युलरची. कुबॲडमिनने (क्लस्टर उभा करायचं टूल) बनवलेल्या क्लस्टरमध्ये स्टॅटिक पॉडच्या (नोडवरच्या फाइलमधून थेट सुरू होणारे कंट्रोल प्लेनचे पॉड) रिक्वेस्ट (आधीच मागून ठेवलेला सीपीयू आणि मेमरी) अगदी किरकोळ असतात, एपीआय सर्व्हर २५० मिलीकोअर (एका कोअरचे १००० मिलीकोअर), कंट्रोलर मॅनेजर २००, शेड्युलर १०० आणि एटसीडी १००, मिळून ६५०, आणि मेमरी तर एटसीडीची १०० एमबीच्या आसपास सोडली तर मागितलेलीच नसते. शेड्युलर प्रत्यक्ष वापर बघत नाही, रिक्वेस्टची बेरीज बघतो. त्यामुळे एपीआय सर्व्हर प्रत्यक्षात कितीही जीबी खात असला तरी शेड्युलरला हा नोड रिकामाच दिसतो, आणि डीफॉल्ट स्कोअरिंग रिकाम्या नोडला जास्त मार्क देतं, म्हणजे टेंट निघाला की पॉड नुसते येत नाहीत, धावत येतात. शिवाय सीपीयूची ओढाताण सुरू झाली की वाटणी रिक्वेस्टच्या प्रमाणातच होते, म्हणजे २ कोअर मागणारा बर्स्टेबल (रिक्वेस्टपेक्षा जास्तही वापरू शकणारा) पॉड शेजारी बसला तर त्याचं वजन १०० मिलीकोअरवाल्या एटसीडीच्या वीसपट.

दुसरी गोष्ट डिस्कची, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथेच असतं. प्रत्येक बदल पक्का करायच्या आधी एटसीडी तो लॉगमध्ये लिहून एफसिंक करतो (म्हणजे डिस्कवर खरंच लिहिलं गेल्याची खात्री करतो), ते होईपर्यंत पुढे जात नाही. सीपीयू आणि मेमरीला पॉडमध्ये लिमिट लावता येतं, डिस्कच्या आयओला (लिहिण्या-वाचण्याला) कुबरनेटिसच्या पॉडस्पेकमध्ये (पॉडच्या वर्णनात) तशी सोयच नाही. त्यामुळे शेजारच्या पॉडने लॉग ओकायला सुरुवात केली, किंवा नुसती दोन-तीन जीबीची इमेज पुल केली, तरी कंटेनरडीची (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) डिरेक्टरी, पॉडचे लॉग आणि एटसीडीचा डेटा एकाच रूट डिस्कवर असल्याने एफसिंक रांगेत अडकतो. एटसीडीचा हार्टबीट डीफॉल्ट १०० मिलीसेकंदांचा आणि इलेक्शन टाइमआउट १००० मिलीसेकंदांचा, म्हणजे सेकंदभराची अडचण आली तरी लीडर बदलायला पुरते. मग कुबलेट (प्रत्येक नोडवरचे कुबरनेटिसचे एजंट) दर १० सेकंदांनी जी नोड लीज रिन्यू करतात ती अडकते, ४० सेकंद (कुबरनेटिस १.३२ पासून ५०) काही ऐकू आलं नाही की नोड नॉटरेडी, आणि हे ५ मिनिटांच्या वर लांबलं तर तिथले पॉड बाहेर काढायला सुरुवात. नोड बिचारा ठणठणीत असतो.

मोजायचं असेल तर एटसीडीचे तीन मेट्रिक पुरतात: डब्ल्यूएएल (बदल आधी लिहायचा तो लॉग) एफसिंकचा वेळ, बॅकएंड कमिटचा (मुख्य डेटा फाइलमध्ये पक्कं लिहिण्याचा) वेळ आणि लीडर बदलल्याचा काउंटर. एफसिंकचा पी९९ म्हणजे ९९ वा पर्सेंटाइल १० मिलीसेकंदांच्या खाली हवा, बॅकएंड कमिटचा २५ च्या खाली. कुबॲडमिनमध्ये हे मेट्रिक फक्त लोकलहोस्टच्या २३८१ पोर्टवर मिळतात, बाहेरून प्रोमिथियसला (मेट्रिक गोळा करणाऱ्या टूलला) दिसत नाहीत, म्हणून खूप जणांच्या डॅशबोर्डवर एटसीडीचा पॅनल रिकामा असतो आणि रिकामा म्हणजे सगळं ठीक असं समजलं जातं. नोडवर लॉगिन करून कर्ल मारा, दिसेल. एफआयओने (डिस्कचा वेग मोजायचं टूल) डिस्क टेस्ट करायची तर २३०० बाइटचे ब्लॉक आणि प्रत्येक राइटनंतर एफडेटासिंक अशी करा, नुसता मोठ्या फाइलचा स्पीड बघून काही कळत नाही. आणि ही टेस्ट चालू क्लस्टरच्या एटसीडी डिस्कवर भर दुपारी करू नका हो, आधीच मेटाकुटीला आलेल्या डिस्कवर अजून लोड कशाला.

क्लाउडच्या व्हीएमवर एक वेगळीच गंमत होते. एडब्ल्यूएसच्या जीपी२ डिस्कला दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला किती वेळा लिहिता-वाचता येतं तो आकडा) आणि कमीत कमी १०० असा हिशोब आहे, वरचं सगळं बर्स्ट क्रेडिटवर (डिस्क शांत असताना साठलेल्या जमेवर). म्हणजे २० जीबीची डिस्क घेतली की ३००० पर्यंत उडी मारते, क्रेडिट संपलं की १०० वर येते. टेस्टमध्ये झकास, बॅच जॉब तासभर चालला की आडवी. जीपी३ ला सुरुवातच ३००० पासून असते. एटसीडीला साध्या लोडला सलग ५० आयओपीएस आणि भारी लोडला ५०० लागतात हे लक्षात ठेवून डिस्क निवडा.

बरं, आता मूळ मुद्दा, हे परत परत का होतं. सगळे जण काय करतात, तर कंट्रोल प्लेन नोडवर नोशेड्यूल (नवीन पॉड नको असा) टेंट परत लावतात, ड्रेन करतात (बसलेले पॉड तिथून हलवतात), क्लस्टर शांत होतो, तिकीट बंद. पण टेंट मुळात काढला कुणी हे कुणी विचारत नाही. उत्तर बहुतेक वेळा यातलंच एखादं निघतं.

सगळ्यात कॉमन म्हणजे एका नोडच्या लॅबसाठीची ती प्रसिद्ध कमांड, सगळ्या नोडवरून कंट्रोल प्लेनचा टेंट काढा, शेवटी वजाचं चिन्ह. ट्युटोरियलमधून ती कुणाच्या तरी ॲन्सिबल प्लेबुकमध्ये किंवा क्लाउड-इनिट स्क्रिप्टमध्ये (दोन्ही नवीन मशीन आपोआप सेटअप करायला वापरतात) येऊन बसते आणि मग नवीन नोड जॉइन झाला की प्रत्येक वेळी चालते, आणि "सगळ्या" म्हटल्यामुळे जुन्या कंट्रोल प्लेन नोडचाही टेंट उडतो. गिटमध्ये शोधा, सापडेल. कुबस्प्रे (ॲन्सिबलने क्लस्टर उभा करायचं टूल) वापरत असाल तर इन्व्हेंटरी (होस्टची यादी) बघा, एकच होस्ट कंट्रोल प्लेनच्या आणि वर्करच्या अशा दोन्ही ग्रुपमध्ये टाकला की कुबस्प्रे त्याला टेंट लावत नाही, हे त्याचं मुद्दामच केलेलं वागणं आहे, बग नाही. कुबॲडमिनच्या कॉन्फिगमध्ये टेंटच्या जागी रिकामी यादी दिली असेल तर तिचा अर्थ "टेंट नको" असा होतो, ओळच लिहिली नाही तर डीफॉल्ट टेंट लागतो, या दोन्हीत फरक आहे. आणि के३एस (कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) असेल तर शोधतच बसू नका, तिथे सर्व्हर नोडवर पहिल्यापासून टेंट नसतोच, तो आपण सर्व्हर कॉन्फिगमध्ये द्यायचा असतो.

जुन्या क्लस्टरमध्ये अजून एक प्रकार. पूर्वी टेंटच्या नावात "मास्टर" होतं, १.२४ मध्ये कुबॲडमिन नवीन नोडना जुनं आणि "कंट्रोल-प्लेन" अशी दोन्ही लावायचा, १.२५ पासून फक्त नवीन. तुमच्या हेल्म चार्टमधलं (ॲप बसवायच्या टेम्पलेटमधलं) टॉलरेशन (टेंट असूनही येण्याची परवानगी) किंवा नोड सिलेक्टर (कुठल्या लेबलच्या नोडवर जायचं ते) अजून जुन्या नावावर असेल तर बॅकअप एजंटसारख्या ज्या गोष्टी कंट्रोल प्लेनवर जायलाच हव्यात त्या पेंडिंग राहतात, मग कुणीतरी वैतागून टेंटच काढून टाकतो. म्हणजे चार्टमधली एक ओळ बदलायची सोडून नोडचं कुलूप तोडलं.

आणि कधी कधी टेंट जागच्या जागी असतो तरी पॉड येतात! तेव्हा पॉडचं टॉलरेशन बघा. त्यातली की (key, म्हणजे टेंटचं नाव) रिकामी आणि ऑपरेटर एक्झिस्ट्स असेल तर तो पॉड जगातला कुठलाही टेंट सहन करतो. हे लॉग एजंटच्या डीमनसेटला (प्रत्येक नोडवर एकेक पॉड चालवणारा प्रकार) ठीक आहे, पण तिथून कॉपी-पेस्ट होऊन साध्या डिप्लॉयमेंटमध्ये जातं. दुसरं, पॉडस्पेकमध्ये थेट नोडनेम लिहिलं असेल तर शेड्युलर मधे येतच नाही आणि नोशेड्यूल बघणारा तोच. आणि तिसरं अगदी साधं, नोशेड्यूल आधीपासून बसलेल्या पॉडला हलवत नाही, टेंट लावला आणि ड्रेन करायचं राहिलं.

इथे कुणीतरी म्हणेल, मग नोएक्झिक्यूट (बसलेल्या पॉडनाही हाकलणारा टेंट) लावा ना, आपोआप सगळे हाकलले जातील. थांबा जरा. स्टॅटिक पॉड आणि कुब-प्रॉक्सी त्यात वाचतात, पण कुबॲडमिनच्या कोअर डीएनएसला कंट्रोल प्लेनच्या फक्त नोशेड्यूलचं टॉलरेशन असतं, आणि दोन्ही कोअर डीएनएस पॉड योगायोगाने कंट्रोल प्लेनवरच बसलेले असतील (नवीन क्लस्टरमध्ये वर्कर जॉइन व्हायच्या आधी तेच उठतात, त्यामुळे असतातच) तर एका कमांडमध्ये पूर्ण क्लस्टरचं डीएनएस खाली. नोशेड्यूल लावा आणि एकेक नोड हाताने ड्रेन करा, तेच बरं.

ड्रेन करताना हमखास अडकवणारी गोष्ट म्हणजे लोकल व्हॉल्यूम. लोकल-पाथ प्रोव्हिजनरने (नोडच्या स्वतःच्या डिस्कवर जागा देणारा) बनवलेलं पीव्ही (पर्सिस्टंट व्हॉल्यूम, पॉडच्या डेटाची कायमची जागा) त्या एका नोडला बांधलेलं असतं, त्यामुळे डेटाबेसचा पॉड ड्रेननंतर पेंडिंग राहतो आणि इव्हेंटमध्ये दोन कारणं एकत्र दिसतात, एका नोडवर टेंट सहन होत नाही आणि बाकीच्यांवर व्हॉल्यूम नोड ॲफिनिटी (कुठल्या नोडवरच चालेल ती अट) जुळत नाही. या क्षणी रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, डेटाबेस खाली असतो आणि कुणीतरी टेंट काढून मोकळा होतो, म्हणजे परत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून ड्रेनच्या आधीच पीव्हीची यादी काढून त्यांची नोड ॲफिनिटी बघा, कंट्रोल प्लेनवर एक जरी असेल तर आधी डेटा हलवायचा प्लॅन करा, डंप-रिस्टोअर असो की वर्करवर नवीन रेप्लिका (प्रत) उभी करून फेलओव्हर असो. पॉड डिसरप्शन बजेटही (एका वेळी किती पॉड हलवता येतील त्याचा नियम) बघून घ्या, एकच रेप्लिका आणि कमीत कमी एक उपलब्ध हवी असं लिहिलेलं असेल तर ड्रेन अनंतकाळ थांबून राहील.

मग कुलूप लावायचं. टेंट म्हणजे नुसती पाटी आहे, टॉलरेशन लिहून कुणीही आत येऊ शकतो, म्हणून ॲडमिशनला (एपीआय सर्व्हर विनंती स्वीकारायच्या आधी तपासतो तिथे) अडवा. १.३० पासून व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसी स्टेबल आहे, वेगळा वेबहूक (एपीआय सर्व्हर परवानगी विचारतो ती बाहेरची सर्व्हिस) चालवावा लागत नाही, एपीआय सर्व्हरच्या आतच चालते, मला तरी या कामाला तीच आवडते. त्याच्या आधीच्या व्हर्जनवर असाल तर किव्हर्नो किंवा गेटकीपर ही पॉलिसी इंजिन. नियम असा की ठरलेल्या नेमस्पेस सोडून इतर कुठल्याही पॉडमध्ये कंट्रोल प्लेनच्या कीचं टॉलरेशन नको, की रिकामी ठेवून एक्झिस्ट्स नको, आणि नवीन पॉड बनवताना नोडनेम भरलेलं नको. रिकामी की विसरू नका, खूप जण फक्त नाव तपासतात आणि मोठं भोक तसंच राहतं. नोडनेमचा नियम नुसत्या क्रिएटवर ठेवा आणि डीमनसेट त्यातून अडकत नाहीत ना ते बघा (ते नोड ॲफिनिटी वापरतात, त्यामुळे अडकायला नको). कुब-सिस्टिमला सूट द्यायलाच हवी, स्टॅटिक पॉडचे मिरर पॉड (त्यांची एपीआय सर्व्हरमध्ये दिसणारी नोंद) तिथेच येतात आणि त्यांच्यात नोएक्झिक्यूटसाठी रिकाम्या कीचं टॉलरेशन असतं. पहिले काही दिवस पॉलिसी नुसती वॉर्न आणि ऑडिटवर ठेवा, कोण कोण सापडतंय ते बघा, मग डिनाय करा.

एटसीडीला वेगळी डिस्क द्यायची हे सांगायलाच नको, त्याची डेटा डिरेक्टरी वेगळ्या एसएसडीवर माउंट करा. एपीआय सर्व्हरचा ऑडिट लॉग मात्र त्या नव्या डिस्कवर टाकू नका, हे मी उगाच सांगत नाहीये. आणि व्हीएम असतील तर हायपरव्हायझरच्या (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) माणसाला विचारा की तिन्ही कंट्रोल प्लेन व्हीएम एकाच होस्टवर आणि एकाच डेटास्टोअरवर तर नाहीत ना. कुबरनेटिसच्या आत कितीही टेंट लावले तरी खाली एकच स्टोरेज ॲरे असेल आणि त्यावरच डेटाबेसचे बॅकअप चालत असतील तर एटसीडीला फरक पडत नाही, तो तसाच हेलकावे खाणार. होस्टसाठी अँटी-ॲफिनिटी नियम (तिन्ही व्हीएम वेगवेगळ्या होस्टवर ठेवणारा) लावून घ्या.

आता ॲडऑन, म्हणजे क्लस्टरच्या जोडीला लागणारी टूल्स. प्रोमिथियस, आर्गो सीडी (गिटमधून डिप्लॉय करणारं), इनग्रेस कंट्रोलर (बाहेरचं ट्रॅफिक आत आणणारा), सर्ट-मॅनेजर (सर्टिफिकेट सांभाळणारा), पॉलिसी इंजिन ही मंडळी ना धड कंट्रोल प्लेनची ना ॲपची. कंट्रोल प्लेनवर टाकली तर प्रोमिथियस स्वतःच एवढं डिस्कवर लिहितो की निदान करणाराच आजार बनतो, ॲपच्या नोडवर ठेवली तर ॲपने मेमरी खाल्ली की नेमकं मॉनिटरिंग मरतं. यांच्यासाठी दोन-तीन वेगळे नोड काढा, ओपनशिफ्टवाले त्यांना इन्फ्रा नोड म्हणतात. इथे चूक एकच होते पण सगळ्यांकडून होते, नुसता टेंट आणि टॉलरेशन लावून लोक वाट बघत बसतात की प्रोमिथियस तिकडे जाईल. टॉलरेशन फक्त परवानगी देतं, ओढून नेत नाही. सोबत लेबल आणि नोड सिलेक्टर हवाच. आणि ते इन्फ्राचं लेबल नोड-रोलच्या नावाने कुबलेटच्या फ्लॅगमधून द्यायला गेलात तर कुबलेट उठणारच नाही, ती नावं कुबलेटला स्वतःवर लावायला बंदी आहे, नोड जॉइन झाल्यावर ॲडमिनने लावायची. टेंट मात्र कुबलेटला रजिस्टर होतानाच देता येतो आणि तसाच द्या, नाहीतर मधल्या काही सेकंदांत ॲपचे पॉड आत घुसतात.

पॉलिसी इंजिनच्या वेबहूकचं वेगळं बघा. फेल्युअर पॉलिसी फेल आहे (वेबहूकने उत्तर दिलं नाही तर विनंती नाकारायची), वेबहूकचे पॉड ॲपच्या नोडवर आहेत, नोड गेला. नवीन पॉड बनवायला वेबहूकची परवानगी लागते आणि वेबहूक उठायला नवीन पॉड लागतो. कोंडी. कुब-सिस्टिम आणि वेबहूकची स्वतःची नेमस्पेस नियमातून वगळा, रेप्लिका किमान दोन आणि वेगवेगळ्या नोडवर.

एवढं सगळं करूनही एपीआय सर्व्हर गुदमरत असेल तर मग नोडचा विषयच नाही. एखाद्या टीमचा ऑपरेटर (क्लस्टरमधली कामं आपोआप करणारा प्रोग्राम) दर काही सेकंदांनी सगळ्या क्लस्टरचे पॉड लिस्ट करतोय, वॉच (फक्त बदल कळवणारी सोय) न वापरता, असं निघतं. तो वर्करवर बसूनही एटसीडीला तेवढाच त्रास देतो. ऑडिट लॉगमध्ये युजर एजंटप्रमाणे मोजा, वरचे दोन-तीन बघितले की नाव कळतं. एपीआय प्रायॉरिटी अँड फेअरनेस (एपीआय सर्व्हरवरच्या विनंत्या वेगवेगळ्या रांगांत लावणारी सोय) १.२९ मध्ये स्टेबल झालं, त्यात त्या सर्व्हिस अकाउंटसाठी वेगळा फ्लो स्कीमा आणि छोटी प्रायॉरिटी लेव्हल बनवा, म्हणजे तो स्वतःच्या रांगेत उभा राहील आणि कुबलेटच्या लीजना वाट मिळेल. टीमला सांगून कोड सुधारेपर्यंत एवढं पुरतं.

झाल्यावर अलर्ट दोनच लावा. कंट्रोल प्लेन नोडवर यादीबाहेरच्या नेमस्पेसचा पॉड दिसला की एक, आणि कंट्रोल प्लेन लेबल असलेल्या नोडवर टेंट नसला की दुसरा. हा दुसरा कुब-स्टेट-मेट्रिक्सच्या (क्लस्टरमधल्या गोष्टींची स्थिती मेट्रिकमध्ये देणारं टूल) नोड टेंटच्या मेट्रिकवरून बनतो. नवीन नोड जॉइन करून मुद्दाम टेस्ट करा, कारण ती स्क्रिप्ट अजून कुठल्या रेपोत लपलेली असेल तर तेव्हाच बाहेर येईल. आणि ज्यांचा सगळा क्लस्टरच तीन मशीनचा आहे, वेगळे वर्कर घ्यायला बजेट नाही, त्यांनी टेंट काढायला हरकत नाही, पण मग एटसीडीला वेगळी डिस्क, स्टॅटिक पॉडच्या मॅनिफेस्टमध्ये खऱ्या वापराएवढ्या रिक्वेस्ट आणि प्रत्येक ॲपला मेमरी लिमिट एवढं तरी कराच. मॅनिफेस्ट हाताने बदलला तर पुढच्या कुबॲडमिन अपग्रेडला तो परत मूळ आकड्यांवर जातो, म्हणून बदल कुबॲडमिनच्या पॅचेस डिरेक्टरीत ठेवा आणि अपग्रेडच्या वेळी तिचा पाथ द्या.